घरातला पाटकरी

आमच्या साताऱ्याच्या घराला पुढच्या अंगाला एक ओटा आहे. संध्याकाळी चार माणसं टेकायला यावीत म्हणून वडिलांनी तो हौसेनं बांधून घेतला होता. वडील गेले, टेकायला येणारी माणसंही एकेक करून गेली आणि ओट्यावर चपला, कुंड्या आणि पावसाळ्यात उघडून ठेवलेल्या छत्र्या एवढंच उरलं. २०२० च्या जूनमध्ये मात्र या ओट्यावर पुन्हा एक माणूस बसायला लागलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी. दहावीतली. शाळा बंद, वर्ग मोबाईलवर. घरात मोबाईल एकच, आणि त्यातला रोजचा डेटा दुसऱ्या तासालाच संपायचा. मावशींनी अंगणातूनच, तोंडावरचा पदर न सोडता विचारलं, "काका, पोरगी सकाळची तुमच्या ओट्यावर बसली तर चालंल का? नेट म्हणं भाईरपत्तुर येतंय."

मी हो म्हटलं. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला. आपण काहीतरी चांगलं करतो आहोत, या समाधानात त्या दिवशी मला जेवणही चार घास जास्त गेलं असावं.

घरात तेव्हा आम्ही सहाजण होतो. पुण्याचं ऑफिस बंद म्हणून मुलगा बायको-मुलांसह इकडं आलेला. त्याच्या मीटिंगा माडीवर. सून महाविद्यालयात शिकवते, तिचे तास मधल्या खोलीत. नातू आठवीत, त्याची शाळा स्वयंपाकघराच्या टेबलावर. धाकटी नात दोन वर्षांची, ती सगळ्यांच्या मध्ये. हिचं भजनी मंडळसुद्धा शुक्रवारी पडद्यावर भरायचं. आणि मी. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून आलेलं आमचं कनेक्शन साधंसुधं होतं. खाली येणारा वेग १० एमबीपीएस, वर जाणारा १. म्हणजे सेकंदाला फार तर एक कोट बिट आत यायच्या आणि त्याच्या दहाव्या हिश्श्यानं बाहेर जायच्या. जून-जुलै कसाबसा निघाला. ऑगस्टमध्ये मात्र गाडं अडलं. रोज सकाळी साडेनऊ-दहाला सुनेचा आवाज तुटायला लागायचा, मुलाच्या मीटिंगमध्ये माणसं पुतळ्यासारखी थिजायची, नातू "मिस, ऐकू येत नाही" म्हणून ओरडायचा. बाराच्या सुमारास सगळं आपोआप सुरळीत.

एका रात्री जेवताना घरात सभाच भरली. कोण काय वापरतं याची झडती सुरू झाली. नातवाच्या खेळांवर संशय, हिच्या कीर्तनांच्या व्हिडिओंवर संशय, प्रत्येकाकडे आपापलं स्पष्टीकरण तयार. शेवटी कुणीतरी म्हणालं, "जूनपासून एक माणूस वाढलंय, ते कुणी धरतच नाही." सगळ्यांच्या माना ओट्याच्या दिशेला वळल्या. मी ३७ वर्षं बँकेत काढली. संध्याकाळी रोकड जुळली नाही की नजर आधी शिपायाकडे जाते, मग कॅशियरकडे, आणि साहेबाकडे कधीच जात नाही, हे मी शेकडो वेळा पाहिलेलं आहे. तरीही त्या रात्री मी गप्प बसलो. गप्प बसलो असं तरी का म्हणू? पासवर्ड बदलायला मीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली, वही उघडून बसली, फोनशी झटापट करू लागली. मी दारात जाऊन म्हटलं, "अगं, नेट बिघडलंय. दुरुस्त झालं की निरोप देतो." ती "बरं, आजोबा" म्हणाली आणि वही मिटून गेली.

आणि नेट तसंच अडत राहिलं.

चोर सापडला

आठवडाभरानं मुलानं वैतागून राउटरच्या आत डोकावून पाहायचं ठरवलं. राउटर म्हणजे घरात येणारी एकच तार सगळ्या यंत्रांना वाटून देणारी ती पेटी. कोणतं यंत्र किती आणतं आणि किती पाठवतं याची यादी ती ठेवते. सकाळी दहा वाजता मुलगा ती यादी उघडून बसला आणि थोड्या वेळानं हाक आली, "बाबा, हा फोन कुणाचा?"

फोन माझा होता.

मी त्या दिवसांत एका कादंबरीच्या तयारीत होतो. वडिलांच्या काळच्या वह्या, जमाखर्चाच्या चोपड्या, पत्रं यांची पानं वाळवीनं खाण्याआधी टिपून घ्यावीत म्हणून रोज सकाळी खिडकीच्या उजेडात मी दोनेकशे पानांचे फोटो काढायचो. प्रत्येक फोटो साधारण ५ एमबीचा. फोन ते सगळे फोटो मला न विचारता, कुठल्या तरी दूरच्या साठवणीत पाठवत होता. नवा फोन घेताना मुलानंच ती सोय सुरू करून दिली होती आणि आम्ही दोघंही विसरलो होतो. आकडेमोड हा माझा जुना धंदा. २०० फोटो गुणिले ५ म्हणजे १,००० एमबी. एका बाइटला आठ बिट, म्हणजे ८,००० मेगाबिट. वर जाण्याचा वेग सेकंदाला १ मेगाबिट. म्हणजे ८,००० सेकंद. सव्वादोन तास. पावणेदहाला सुरू झालं तर बाराला संपणार! रोजची वेळ अगदी बँकेच्या घड्याळासारखी जुळली.

ओट्यावरच्या मुलीचा आठ दिवसांपूर्वीचा हिशेबही मुलानं काढून दाखवला. एक आवाज आणि एक बारकं चित्र. यादीत तिचं नाव सगळ्यात तळाशी होतं.

खिडकीवरची रांग

आता कुणीही विचारील, फोटो जात होते वर, तर खाली येणारा सुनेचा, नातवाचा वर्ग का अडावा? खाली येणारी वाट तर दहापट रुंद होती. हा प्रश्न मलाही पडला, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी एका अशा शास्त्राच्या दारात जाऊन उभा राहिलो की ते मला आपल्या बँकेच्या हॉलसारखंच ओळखीचं वाटलं.

इंटरनेटवर कोणतीही गोष्ट अखंड जात नाही. तिचे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. मोठ्यातलं मोठं पॅकेट साधारण १,५०० बाइटचं. फोटो असो, आवाज असो, पत्र असो, सगळ्यांची पॅकेटं त्या एकाच खिडकीसमोर रांगेत उभी राहतात. शिवाय खाली येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची पोच वर पाठवावी लागते. पोच गेली नाही की समोरचा पुढचं पाठवायचा थांबतो. सुनेचा आवाज तर वरच जात होता, आणि नातवाच्या वर्गाच्या पोचपावत्या माझ्या वडिलांच्या चोपड्यांच्या मागे ताटकळत होत्या.

बँकेत पैसे भरायच्या खिडकीवर असंच व्हायचं. पेट्रोल पंपाचा माणूस थैलीभर सुट्या नोटा घेऊन पुढं उभा, आणि त्याच्या मागे दोनशे रुपये भरायला आलेली म्हातारी. नियमानं म्हातारीचा नंबर दुसराच. पण त्या एका नंबरात तिचा अर्धा तास जायचा. 'आधी येईल तो आधी' हा नियम दिसायला न्याय्य असतो. पण थैली ज्याची मोठी, खिडकी त्याची, असा त्याचा खरा अर्थ होतो.

आमच्या शाखांमध्ये केंद्रीय संगणकप्रणाली आली, तेव्हा आणखी एक अनुभव आला. तालुक्याच्या शाखेला तेव्हा ६४ केबीपीएसची एक तार असायची. आज एका फोनला मिळतं त्याच्या शतांशानंही नाही. महिन्याच्या एक तारखेला पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत, आणि आतल्या केबिनमध्ये कुणीतरी वरच्या कार्यालयाला हवा असलेला भलामोठा अहवाल मागवलेला. काउंटरवरचे पडदे गोठायचे, पासबुकं अर्धी छापून थांबायची, आणि शिव्या खायची ती काउंटरवरची मुलगी. शेवटी आम्ही एक साधा नियम केला. अहवाल दुपारी साडेतीननंतर. कालव्याच्या भाषेत सांगायचं तर आम्ही शेजपाळी लावली. कुणाचं रान आज भिजणार आणि कुणाचं परवा, याची ठरलेली पाळी.

चारशे यार्डांची कोंडी

शेजपाळी लावायला माणसं एकमेकांना ओळखणारी हवीत. जगभरच्या संगणकांची पाळी कोण लावणार? हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढं १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये फारच ठळकपणे उभा राहिला. अमेरिकेत बर्कले इथलं विद्यापीठ आणि तिथलीच लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा यांच्यामधलं अंतर अवघं ४०० यार्ड. त्यांच्यामधला संदेशांचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून एकाएकी ४० बिटवर आला. म्हणजे आठशेपटींनी घसरला. पोच वेळेत आली नाही की प्रत्येक यंत्र तेच पॅकेट पुन्हा पाठवत होतं. त्यानं गर्दी वाढत होती. गर्दीमुळं पोच आणखी उशिरा येत होती. सगळे बोलत होते आणि कुणाचंच कुणाला पोचत नव्हतं.

व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञानं त्यावर उपाय शोधला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. पाठवणाऱ्यानंच संयम पाळायचा. एखादं पॅकेट हरवलं तर वाट कोंडली असं समजून आपला वेग निम्मा करायचा, मग हळूहळू, अंदाज घेत वाढवायचा. आजही जगातले बहुतेक संगणक या ना त्या रूपात हेच करतात. कुठंही पोलीस नाही, दंड नाही. इंटरनेट कोसळत नाही याचं एक मोठं कारण हा परस्परांचा संयम आहे.

पण संयमी माणसांच्या रांगेत एक घुसखोर पुरतो. जेकबसनच्या पद्धतीत दोन जोडण्या एका वाटेवर आल्या तर त्यांना साधारण सारखा वाटा मिळतो. जोडण्यांना, माणसांना नव्हे! मग एकाच माणसानं एकाच वेळी आठ जोडण्या उघडल्या तर त्याला आठ वाटे. फाईल भराभर उतरवून देणारे काही प्रोग्राम नेमकं हेच करतात. आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावणारा एखादा असतोच. त्याची टाकी भरते आणि वरच्या मजल्यावरच्या बाईच्या नळातून नुसती हवा येते.

जॉन नेगल या अभियंत्यानं हे १९८५ च्या डिसेंबरमध्येच लिहून ठेवलं होतं. त्याच्या त्या टिपणात दोन गोष्टी आहेत. पहिली, रांगेला उभं राहायला कितीही मोठी जागा दिली, अगदी अमर्याद दिली, तरी कोंडी सुटत नाही. दुसरी, एकच सामाईक रांग असेल तर जास्त ढकलणाऱ्याचाच फायदा होतो आणि शहाण्यासारखं वागणारा मागे पडतो. म्हणून प्रत्येकाची रांग वेगळी करा आणि प्रत्येक रांगेतून आळीपाळीनं एकेक पॅकेट घ्या. मग ढकलणारा फक्त स्वतःचीच रांग लांबवतो.

१९८९ मध्ये ॲलन डेमर्स, श्रीनिवासन केशव आणि स्कॉट शेंकर यांनी या कल्पनेला पक्कं गणित दिलं. केशव दिल्लीच्या आयआयटीचे. नेगलच्या कल्पनेत एक फट होती. एकेक पॅकेट घ्यायचं म्हटलं तरी एकाचं पॅकेट १,५०० बाइटचं आणि दुसऱ्याचं २०० चं असलं तर पाळी सारखी, पण वाटा विषम. त्यांनी ती फट बुजवली, पण त्यांच्या रीतीत दर पॅकेटमागं बरीच आकडेमोड करावी लागायची. १९९५ मध्ये एम. श्रीधर आणि मुंबईच्या आयआयटीतून शिकून गेलेले जॉर्ज व्हर्गीज यांनी ती इतकी सोपी करून टाकली, की वाचताना मला वाटलं, हे कुणा बँकवाल्यालाच सुचलं असावं.

त्यांची युक्ती अशी. प्रत्येक रांगेचं एक खातं उघडायचं. दर फेरीला प्रत्येक खात्यात सारखी रक्कम जमा करायची, समजा ५०० बाइट. पुढच्या पॅकेटचा आकार शिलकीत बसत असेल तर ते सोडायचं आणि तेवढी रक्कम खर्ची टाकायची. बसत नसेल तर शिल्लक पुढच्या फेरीला ओढायची. माझ्या फोटोचं १,५०० बाइटचं पॅकेट पहिल्या दोन फेऱ्या थांबेल आणि तिसऱ्या फेरीला जाईल. त्या मुलीच्या आवाजाची २०० बाइटची पॅकेटं पहिल्या फेरीत दोन, दुसरीत तीन, तिसरीत दोन, अशी सात निघून जातील. तीन फेऱ्यांत माझे १,५०० बाइट गेले, तिचे १,४०० गेले आणि १०० शिल्लक राहिले. हिशेब चोख! आणि शेवटचा नियम मला सगळ्यात आवडला. ज्याची रांग रिकामी झाली त्याची शिल्लक शून्य. न वापरलेला हक्क साठवून ठेवून पुढं एकदम अंगावर आणता येत नाही.

लांबलेली रांग

एवढं सगळं १९९५ पर्यंत ठरलेलं असताना २०२० मध्ये माझ्या घरात कोंडी का व्हावी? कारण घरोघरी लागलेल्या स्वस्त पेट्यांमध्ये यातलं काहीच नव्हतं. होती ती जुनीच, आधी येईल तो आधी, अशी एक रांग. आणि दरम्यान स्मृतीच्या चिपा स्वस्त झाल्यामुळं ती रांग फार लांब झाली होती. २५० केबीची रांग १ एमबीपीएसच्या वाटेवर भरली तर शेवटच्या पॅकेटला बरोबर दोन सेकंद थांबावं लागतं. बोलणाऱ्या माणसांमध्ये दोन सेकंद म्हणजे फार झाले. एकानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत दुसरा तोच प्रश्न पुन्हा विचारतो. शिवाय रांग लांब असल्यानं पॅकेट हरवत नाही, आणि हरवत नाही म्हणून पाठवणाऱ्याला वाटतं, वाट मोकळी आहे. संयमाची खूणच पुसली जाते.

या रोगाला 'बफरब्लोट' हे नाव रूढ झालं ते जिम गेटिस या अमेरिकन अभियंत्यामुळं. २०१० च्या सुमारास घरून मोठाल्या फाईली पाठवताना घरचं इंटरनेट मंदावायचं आणि मुलं तक्रार करायची, हे त्यानंच पुढं सांगितलं आहे. ते वाचून मला फार हायसं वाटलं. इंटरनेटच्या जाणकाराच्या घरातही बापच दोषी निघाला होता!

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि तेच जुने व्हॅन जेकबसन यांनी त्यावर औषध दिलं. रांगेत किती जण उभे आहेत हे मोजू नका. प्रत्येक जण किती वेळ थांबला ते मोजा. थांबणं सतत १०० मिलिसेकंदांच्या काळात ५ मिलिसेकंदांच्या खाली आलंच नाही, तर एखादं पॅकेट मुद्दाम टाकून द्या. पाठवणाऱ्याला इशारा मिळतो आणि तो हात आखडतो. ही युक्ती आणि प्रत्येकाची वेगळी रांग यांचा मेळ घातलेली पद्धत २०१८ मध्ये इंटरनेटच्या अधिकृत कागदपत्रांत नोंदली गेली. आता ती बऱ्याच राउटरांमध्ये असते. अनेक ठिकाणी फक्त चालू करायची राहिलेली असते.

सारखं आणि न्याय्य

इथं एक प्रसंग सांगायला हवा. आमच्या गावातल्या एका अभ्यासिकेत २० संगणक आहेत आणि कनेक्शन होतं ४० एमबीपीएसचं. भांडणं व्हायला लागली म्हणून विश्वस्तांनी वाटणी केली. प्रत्येकाला २, न कमी न जास्त. भांडणं थांबली. पण रात्री नऊला एकटा बसलेला मुलगासुद्धा २ च्याच वेगानं जुन्या प्रश्नपत्रिका उतरवत ताटकळायचा, आणि उरलेले ३८ हवेत जायचे. भाऊबंदकीत पडीक ठेवलेल्या जमिनीसारखे.

न्यायाची रीत वेगळी आहे. समजा १० एमबीपीएस आहेत आणि चौघांच्या गरजा १, २, ६ आणि ८ अशा आहेत. सारखा वाटा अडीचचा. पहिल्याला १ पुरे, दुसऱ्याला २ पुरे, त्यांचं भागवा. उरलेले ७ बाकी दोघांना साडेतीन-साडेतीन. थोडक्यात भागणाऱ्याला कधी थांबावं लागत नाही, मोठ्या भुकेच्या दोघांमध्ये कुणी कुणावर कुरघोडी करत नाही आणि एक थेंबही वाया जात नाही. आईनं पंगत वाढावी तसं हे आहे. लहान मुलाच्या पानात आधी, मग उरेल ते थोरांना सारखं.

पण तरीही एक प्रश्न उरतोच, आणि तो यंत्राला सोडवता येत नाही. वाटा मोजायचा कशावर? जोडण्यांवर मोजला तर आठ जोडण्यांचा माणूस जिंकतो. यंत्रांवर मोजला तर माझा नातू जिंकतो, कारण त्याच्याकडे लॅपटॉप, टॅब आणि आईचा जुना फोन अशी तीन यंत्रं, आणि ओट्यावरच्या मुलीकडे वडिलांचा एकच फोन.

हा प्रश्न महाराष्ट्रानं इंटरनेटच्या आधी पाण्यावर सोडवून पाहिला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तिथं पाणी जमिनीच्या एकरांवर वाटलं नाही. ते घरातल्या माणसांवर वाटलं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. उसाला बंदी. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही त्याचाही पाण्यावर हक्क. जास्त जमीन म्हणजे जास्त पाणी, ही समजूत आपल्या हाडीमाशी इतकी भिनलेली आहे की ही साधी गोष्ट आजही धाडसाची वाटते. बँकेत असताना साळुंख्यांच्या कामाबद्दल मी अनेकदा आदरानं बोललो आहे. एका व्याख्यानाचं अध्यक्षस्थानही भूषवलं आहे. आणि माझ्या स्वतःच्या ओट्यावर जमीन नसलेलं माणूस येऊन बसलं, तेव्हा मी दार लावून घेतलं.

दुरुस्ती

घरातली दुरुस्ती एका रविवारी झाली. पहिलं काम, माझ्या फोनची ती आपोआप पाठवणी बंद. फोटो रात्री झोपताना हातानं सुरू करायचे. दुसरं, मुलानं रांगांची सोय असलेला राउटर आणला आणि त्याला वेगाची मर्यादा तारेच्या क्षमतेपेक्षा थोडी कमी घातली, वर ०.९, खाली ९. थोडं सोडून द्यायचं, कारण मग रांग कंपनीच्या पेटीत न लागता आपल्या पेटीत लागते, आणि आपल्या पेटीत न्याय आपण ठरवलेला असतो. कालव्याच्या तोंडाशी बसलेला पाटकरी जसा दारं उघडतो-मिटतो, तसा एक पाटकरी आम्ही घरात नेमला. तिसरं, वाटा माणसागणिक. नातवाची तिन्ही यंत्रं मिळून एक माणूस. ओट्यावरची मुलगी एक माणूस. नातवानं कुरकुर केली. पण दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा गणिताचा तास न तुटता झाला आणि त्यानंतर तो बोलला नाही.

आज आमच्याकडे काचेच्या तंतूवरचं कनेक्शन आहे, दसपटीनं वेगवान. कोंडी क्वचित होते, आणि झालीच तर ती आता तारेत न होता घरातल्या वायफायच्या हवेत होते. पण वसतिगृहांमध्ये, अभ्यासिकांमध्ये, एका फोनच्या हॉटस्पॉटवर चौघी शिकतात तिथं हा प्रश्न तसाच आहे. तिथल्या कर्त्या माणसांना मी एवढंच सांगेन, की जास्तीचा वेग विकत घेण्याआधी एकदा यादी उघडून पाहा. आणि यादीत आपलं नाव कुठं आहे, ते पहिल्यांदा पाहा.

मुलीला मी निरोप पाठवला. ती दुसऱ्या दिवशी आली आणि नेहमीच्या जागी बसली. "नेट दुरुस्त झालं, आजोबा?" "झालं," मी म्हटलं. हिनं तिला बसायला जाड सतरंजी दिली आणि फोन लावायला खिडकीतून वायर बाहेर काढून दिली. माझ्यानं त्या दिवशी खरं बोलवलं नाही.

पुढच्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली. निकाल लागला तो शंभरातले ५० गुण नववीचे, ३० दहावीच्या वर्षभरातल्या लेखी चाचण्यांचे आणि २० तोंडी परीक्षा नि गृहपाठाचे, असा. ते सूत्र पेपरात वाचलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्या आठ दिवसांत तिची एक चाचणी हुकली होती, हे मला मावशींकडून कळलेलं होतं. शाळेनं ती पुन्हा घेतली की नाही, हे विचारायचा मला धीर झाला नव्हता.

जुलै २०२१ मध्ये निकाल लागला आणि ती पेढे घेऊन आली. ७८ टक्के. मी तिला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. फोटो, सव्वादोन तास, बदललेला पासवर्ड, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला तेव्हाच माहिती होतं, आजोबा," ती म्हणाली. "नेट बिघडल्यावर फोन पासवर्ड मागत नाही. तुमच्या वायफायचं नाव दिसत होतं, आणि माझा पासवर्ड चुकीचा आहे असं सांगत होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुमचंच होतं ना नेट," ती म्हणाली आणि पेढ्यांचा पुडा हिच्या हातात देऊन उठली.